विश्लेषण : केस इंटरव्ह्यूमध्ये नेमके काय तपासले जाते? महागड्या क्लासविना तयारी शक्य आहे का?

ॲप्टिट्यूड चाचणी झाली, तांत्रिक फेरीही निभावली. तिसऱ्या फेरीत समोरची व्यक्ती कोरा कागद पुढे सरकवते आणि म्हणते, ‘एका एसटी आगाराचा तोटा वाढत चालला आहे. व्यवस्थापकाने तुम्हाला बोलावले आहे. काय कराल?’ याचे उत्तर कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसते. महानगरातील नामांकित संस्थेतला विद्यार्थी असे तीस-चाळीस प्रश्न मित्रांसोबत सोडवून आलेला असतो. जिल्ह्याच्या ठिकाणच्या कॉलेजातल्या विद्यार्थिनीने या फेरीचे नाव आदल्या रात्री ऐकलेले असते. दोघांच्या बुद्धीत फरक असेलच असे नाही, सरावात मात्र असतो. ही फेरी ‘निखळ विचारशक्ती’ तपासते असे सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे शिकता येते, आणि सध्या ते मोजक्याच मुलांना शिकवले जाते.

केस इंटरव्ह्यू म्हणजे काय?

उमेदवारासमोर एखाद्या व्यवसायाची किंवा संस्थेची अडचण मांडली जाते आणि ती त्याने बोलत बोलत सोडवायची असते. नफा का घटला, नव्या शहरात दुकान काढावे का, ॲपवर ग्राहक येतात पण खरेदी का करत नाहीत, अशा स्वरूपाचे प्रश्न असतात. एक केस साधारण २५ ते ३५ मिनिटे चालते. माहिती एकदम दिली जात नाही. विचारली तरच मिळते.

याचे काही प्रकार आहेत. काही ठिकाणी मुलाखतकार एकेक प्रश्न विचारत पुढे नेतो; मॅकिन्झीची पद्धत यासाठी ओळखली जाते. काही ठिकाणी सूत्रे उमेदवाराच्या हाती असतात आणि पुढे कुठे जायचे ते त्यानेच ठरवायचे असते. कधी आठ-दहा पानांची माहिती आणि तक्ते देऊन तासाभराने सादरीकरण मागितले जाते, तर कधी केस घरी सोडवून आणायला सांगतात. गटात बसवून चर्चा ऐकण्याचीही पद्धत आहे.

पूर्वी ही फेरी व्यवस्थापन सल्लागार कंपन्यांपुरती होती. आता डेटा ॲनॅलिटिक्स, प्रॉडक्ट मॅनेजमेंट, ई-कॉमर्स, फिनटेक आणि स्टार्टअपमधल्या ‘बिझनेस ॲनालिस्ट’ पदांसाठीही ती घेतली जाते. त्यामुळे एमबीए न केलेल्या, थेट इंजिनीअरिंगमधून येणाऱ्या मुलांनाही तिला सामोरे जावे लागते.

ही पद्धत आली कुठून?

व्यवसायातील खरी अडचण वर्गात मांडून तिच्यावर वाद घालण्याची पद्धत हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये १९२०च्या दशकात रुजली. अहमदाबादची आयआयएम १९६१ मध्ये स्थापन झाली तेव्हा तिला हार्वर्डचे सहकार्य होते आणि केस पद्धतही त्याच वाटेने भारतात आली. सल्लागार कंपन्या त्याआधीपासून उभ्या राहत होत्या. मॅकिन्झीची स्थापना १९२६ची, बॉस्टन कन्सल्टिंग ग्रुपची १९६३ची आणि बेनची १९७३ची. या कंपन्यांचे कामच दुसऱ्याच्या व्यवसायातील गुंता सोडवण्याचे. त्यामुळे नोकरीवर घेण्याआधी त्याच कामाचा छोटा नमुना करून घ्यावा, असा साधा हिशेब यामागे आहे. स्वयंपाकी ठेवण्याआधी एक भाजी करून पाहायला सांगावी, तसेच हे.

समोरची व्यक्ती नेमके काय पाहते?

बहुतेक उमेदवारांचा समज असा, की मुलाखतकाराच्या खिशात एक बरोबर उत्तर असते आणि ते ओळखायचे असते. प्रत्यक्षात चार गोष्टींवर लक्ष असते. प्रश्न नीट समजून घेतला का? मोठ्या प्रश्नाचे सुटसुटीत तुकडे पाडले का? आकडेमोड बरोबर आली का आणि त्या आकड्याचा अर्थ लावला का? शेवटी स्पष्ट सल्ला दिला का?

तुकडे पाडण्यासाठी या क्षेत्रात ‘मीसी’ हा शब्द रूढ आहे. मॅकिन्झीत १९६०च्या दशकात काम सुरू केलेल्या बार्बरा मिंटो यांच्या नावाशी तो जोडला जातो. अर्थ सोपा आहे : कप्पे असे करा की एक गोष्ट दोन कप्प्यांत पडणार नाही आणि कोणतीही गोष्ट बाहेर राहणार नाही. दुकानाचे ग्राहक ‘तरुण, महिला आणि नोकरदार’ असे विभागले तर नोकरी करणारी तरुणी तिन्हीकडे मोजली जाते आणि निवृत्त आजोबा कुठेच येत नाहीत. ‘१८ पर्यंतचे, १९ ते ४०, ४१ ते ६० आणि त्यापुढचे’ असे विभागले तर ही अडचण राहत नाही.

पाचवी गोष्ट कोणी बोलून दाखवत नाही, पण ती पाहिली जाते. चूक दाखवल्यावर उमेदवार काय करतो? अडून बसणारा आणि लगेच घाबरून सगळे सोडून देणारा, दोघेही मागे पडतात. ‘बरोबर, इथे मी प्रवाशांची संख्या दोनदा धरली, दुरुस्त करते,’ असे म्हणून पुढे जाणारी उमेदवार लक्षात राहते.

अंदाजाचे प्रश्न कशासाठी?

केसच्या आधी किंवा केसमध्येच ‘शहरात अमुक वस्तू किती खपते’ असा प्रश्न येतो. त्याला गेसस्टिमेट म्हणतात. शिकागोत पियानो जुळवणारे कारागीर किती, हा भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांच्या नावावर असलेला प्रश्न याच जातीचा. पण सरावासाठी शिकागोला जाण्याची गरज नाही.

समजा, विचारले : एक लाख वस्तीच्या तालुक्याच्या गावात रोज किती घरगुती गॅस सिलिंडर लागतात? एका घरात चार माणसे धरली तर २५ हजार घरे होतात. त्यातल्या ९० टक्के घरांत गॅस आहे असे मानले, म्हणजे २२,५००. एक सिलिंडर सरासरी ४५ दिवस पुरतो असे धरले तर रोज ५०० सिलिंडर लागतील.

इथे थांबले तर काम अर्धवट राहते. हा आकडा दुसऱ्या बाजूने तपासायचा. एका टेम्पोत ५० सिलिंडर आणि दिवसाला दोन खेपा धरल्या तर ५०० सिलिंडर पोहोचवायला पाच टेम्पो लागतील. एक लाखाच्या गावात दोन-तीन एजन्सींचे मिळून पाच टेम्पो फिरत असणे पटते. उत्तर ५० टेम्पो आले असते तर कुठे तरी शून्य वाढले, हे तिथेच कळले असते. मग आणखी एक वाक्य जोडायचे : ‘हॉटेलांचे व्यावसायिक सिलिंडर यात धरलेले नाहीत. आणि गावाच्या कडेला सरपणावर स्वयंपाक करणारी घरे जास्त असतील तर आकडा खाली येईल.’ कोणते गृहीतक डळमळीत आहे हे स्वतःहून सांगणाऱ्याला गुण मिळतात.

एसटी आगाराची केस कशी सोडवावी?

आता सुरुवातीचा प्रश्न. यातले आकडे सरावासाठी कल्पिलेले आहेत.

पहिली पायरी : उत्तराकडे धावायचे नाही, आधी विचारायचे. तोटा किती वर्षांपासून आहे? हा एकाच आगाराचा प्रश्न आहे की शेजारच्या आगारांचाही? आणि सर्वांत महत्त्वाचे, उद्दिष्ट कोणते? नफा मिळवायचा आहे, की सेवा न तोडता तोटा कमी करायचा आहे? एसटी ही सार्वजनिक सेवा आहे. हा प्रश्न न विचारता ‘तोट्यातल्या फेऱ्या बंद करा’ म्हणणारा उमेदवार पहिल्या मिनिटालाच चुकीच्या रस्त्याला लागतो.

समजा, उत्तर मिळाले : सेवा टिकवून वर्षभरात तोटा निम्म्यावर आणायचा आहे.

दुसरी पायरी : एक मिनिट मागून घेऊन कागदावर आराखडा काढायचा. तोटा म्हणजे खर्च वजा उत्पन्न. उत्पन्नाचे तीन भाग : तिकिटे, सवलतींपोटी सरकारकडून मिळणारी भरपाई आणि पार्सल, जाहिरात, गाळेभाडे यांसारखे इतर. खर्चाचे दोन भाग : गाडी धावली तरच होणारा आणि गाडी उभी राहिली तरी होणारा.

तिसरी पायरी : आकडे मागायचे. आगारात ६० गाड्या आहेत, प्रत्येक गाडी दिवसाला ३०० किलोमीटर धावते, म्हणजे एकूण १८ हजार किलोमीटर. उत्पन्न किलोमीटरमागे ४२ रुपये आणि खर्च ५० रुपये. दिवसाचा तोटा १ लाख ४४ हजार रुपये.

इथे जाणकार उमेदवार एक प्रश्न विचारतो, जो पुस्तकातून सुचत नाही. राज्यात ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना एसटी प्रवास मोफत झाला आणि मार्च २०२३ पासून महिलांना तिकिटात ५० टक्के सवलत मिळू लागली. या सवलतींची भरपाई राज्य सरकारने महामंडळाला द्यायची असते. मग ४२ रुपयांत ही भरपाई धरली आहे का? नसेल, तर जे ‘तोटा’ म्हणून दिसते त्यातला काही भाग येणे बाकी असलेले पैसे आहेत. हातात पैसा नसणे आणि धंदा तोट्यात असणे या वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांवरचे उपायही वेगळे. समजा, मुलाखतकार म्हणाला, ‘भरपाई धरली आहे.’ तरीही प्रश्न वाया जात नाही. विचारणाऱ्याला विषय कळतो, हे समोर नोंदले जाते.

चौथी पायरी : खर्च उघडायचा. गाडी लिटरमागे साडेचार किलोमीटर जाते आणि डिझेल ९० रुपये लिटर धरले, तर रोजचे चार हजार लिटर म्हणजे ३ लाख ६० हजार रुपये. किलोमीटरमागे २० रुपये. टायर आणि दुरुस्ती चार रुपये. उरलेले २६ रुपये पगार आणि इतर स्थिर खर्चाचे. चालकांचे प्रशिक्षण, टायरमधली हवा आणि इंजिनाची वेळेवर देखभाल यांतून सरासरी पाच किलोमीटरवर नेली तर रोज ४०० लिटर, म्हणजे ३६ हजार रुपये वाचतात. तोट्याचा पाव हिस्सा इथेच भरून निघाला.

पाचवी पायरी, आणि इथेच बरेच जण फसतात. दुपारच्या फेऱ्या रिकाम्या जातात. तीन हजार किलोमीटरवर उत्पन्न किलोमीटरमागे फक्त २५ रुपये. खर्च ५०, म्हणजे तोटा २५. बंद करावे का? बंद केल्यावर वाचतात डिझेलचे २० आणि टायर-दुरुस्तीचे चार, मिळून २४ रुपये. चालक-वाहकाचा पगार द्यावाच लागतो. जातात मात्र २५. म्हणजे ‘तोट्यातली’ फेरी बंद केली तर तोटा किलोमीटरमागे एक रुपयाने, दिवसाला तीन हजार रुपयांनी वाढतो.

त्याच गाड्या दुसरीकडे वळवता आल्या तर चित्र बदलते. समजा, त्याच वेळेत तालुक्याहून औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या मार्गावर किलोमीटरमागे ४५ रुपये मिळू शकतात. तीन हजार किलोमीटर वळवले तर रोज ६० हजारांचा फायदा. पण शाळा सुटण्याच्या वेळेच्या फेऱ्याही त्यातच आहेत. त्या काढल्या तर वाडीवस्तीवरच्या मुलींची शाळा सुटण्याची भीती. उद्दिष्टात ‘सेवा टिकवून’ हे शब्द आहेत. म्हणून शाळेच्या वेळेचे हजार किलोमीटर तसेच ठेवायचे आणि दोन हजार वळवायचे : फायदा ४० हजार.

शेवटची पायरी : निष्कर्ष आधी, कारणे नंतर. ‘आगाराचा तोटा दिवसाला १ लाख ४४ हजारांवरून ६८ हजारांवर, म्हणजे निम्म्याच्याही खाली आणता येईल. ३६ हजार डिझेलमधून, ४० हजार दुपारच्या गाड्या वळवून. जोखीम एकच : औद्योगिक वसाहतीच्या मार्गावर वडाप आणि खासगी बस आधीच आहेत, त्यामुळे ४५ रुपये मिळतीलच याची खात्री नाही. म्हणून आधी महिनाभर चार गाड्या वळवून पाहाव्यात.’ इतके बोलून थांबायचे.

या केसमध्ये गणित सातवीतले आहे. दुपारची एसटी कोणासाठी धावते, हे ठाऊक असणे जास्त मोलाचे ठरले. ते रोज एसटीने कॉलेजला येणाऱ्या मुलीला अधिक ठाऊक असते. तिला फक्त हे सांगणारे कोणी भेटलेले नसते, की हे ज्ञान इथे चालते.

पाठ केलेली फ्रेमवर्क का फसतात?

तयारीच्या बाजारात ठरावीक साचे विकले जातात : नफ्याच्या केससाठी हा, नव्या बाजारपेठेसाठी तो. सुरुवातीला त्यांचा उपयोग होतो, कारण काय काय विसरू नये याची ती यादी असते. पण एसटीच्या केसमध्ये ‘स्पर्धक, ग्राहक, उत्पादन, कंपनी’ असे चार चौकोन काढणारा उमेदवार सवलतीच्या भरपाईपर्यंत पोहोचतच नाही. साचा पाठ आहे हे मुलाखतकाराला अर्ध्या मिनिटात कळते, कारण दिवसभरात तोच साचा त्याने आधीच्या पाच जणांकडून ऐकलेला असतो.

साधी कसोटी अशी : काढलेला आराखडा या एकाच केसला लागू पडतो की कोणत्याही केसला? कोणत्याही केसला चालत असेल तर तो या केससाठी अजून तयार झालेला नाही.

इंग्रजीचा अडसर किती?

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची सर्वांत मोठी भीती हीच. ती निराधार नाही. पण केसमध्ये लांबलचक वाक्यांपेक्षा छोटी वाक्ये कामाला येतात. ‘माझे दोन प्रश्न आहेत. पहिला उद्दिष्टाबद्दल.’ ‘तीन कारणे शक्य आहेत. आधी खर्च पाहते.’ ‘एक मिनिट विचार करायला मिळेल का?’ अशी वीस-पंचवीस वाक्ये इंग्रजीतून तोंडात बसली की निम्मा ताण उतरतो. विचार मराठीतून करावा, कागदावर मराठीतून लिहिले तरी बिघडत नाही; बोलताना वाक्य लहान ठेवावे.

एक अडचण मात्र खास आपल्याकडची आहे. आपण लाख-कोटीत विचार करतो आणि तक्ते अनेकदा मिलियन-बिलियनमध्ये येतात. १० लाख म्हणजे एक मिलियन, एक कोटी म्हणजे १० मिलियन, १०० कोटी म्हणजे एक बिलियन. घाईत एक शून्य इकडेतिकडे झाले की चांगली केस कोसळते. हे रूपांतर पाढ्यासारखे पाठ हवे.

सहा आठवड्यांत तयारी कशी करावी?

पहिला आठवडा फक्त आकड्यांचा. टक्केवारी, सरासरी, गुणोत्तर, तक्ता आणि आलेख वाचणे; रोज अर्धा तास, कॅल्क्युलेटरविना. दुसऱ्या आठवड्यात रोज एक अंदाजाचा प्रश्न, तोही आजूबाजूचा : गावातल्या सलूनची रोजची कमाई, बाजार समितीत येणारे कांद्याचे ट्रॅक्टर, टोल नाक्यावरची गर्दी. प्रत्येक उत्तर दुसऱ्या बाजूने तपासायचे.

तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात केस. मॅकिन्झी, बीसीजी आणि बेन यांच्या संकेतस्थळांवर सरावाच्या केस मोफत आहेत. वाचून ‘समजले’ म्हणणे हा सराव नव्हे. दोघांनी बसावे, एकाने मुलाखतकार व्हावे, माहिती दडवून ठेवावी, मध्येच अडवावे. मुलाखतकार होण्याचा फायदा जास्त, कारण दुसरा कुठे भरकटतो ते तिथून स्वच्छ दिसते. जोडीदार नसेल तर मोबाइलवर स्वतःला रेकॉर्ड करून ऐकावे. पहिल्यांदा ऐकणे त्रासदायक असते, पण ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’ किती वेळा येते आणि उत्तर किती उशिरा येते, ते तिथेच कळते.

एआय चॅटबॉटला मुलाखतकार करता येते आणि एकट्याने सराव करणाऱ्याला तो आधार आहे. मात्र तो अनेकदा फार लवकर शाबासकी देतो आणि आकडेमोडीत चुकूही शकतो. त्यामुळे गणित स्वतः तपासावे आणि आठवड्यातून दोनदा तरी माणसासमोर बसावे.

शेवटचे दोन आठवडे ज्या कंपनीत जायचे तिच्या क्षेत्राचे. कंपनी पैसे कशातून मिळवते, खर्च कुठे होतो, ग्राहक कोण? शेअर बाजारात सूचीबद्ध कंपनी असेल तर वार्षिक अहवाल मोफत मिळतो. त्यातले पहिले काही पानांचे निवेदन आणि उत्पन्नाचा तक्ता वाचला तरी पुरे. अशा २० ते २५ केस नीट सोडवून, प्रत्येकीनंतर आपली चूक वहीत नोंदवली, तर पन्नास केस घाईने उरकण्यापेक्षा जास्त पदरी पडते. यासाठी हजारो रुपयांचा क्लास अनिवार्य नाही. नियमित भेटणारे दोन मित्र अनिवार्य आहेत.

मग ही पद्धत न्याय्य आहे का?

पर्यायांशी तुलना केली तर केस इंटरव्ह्यू बरा वाटतो. नुसत्या गप्पांच्या मुलाखतीत समोरच्याला ‘आवडणे’ निर्णायक ठरते. चमत्कारिक कोडी घालण्याची पद्धतही निरुपयोगी ठरली आहे. गूगलचे तेव्हाचे मनुष्यबळ प्रमुख लास्लो बॉक यांनी २०१३ मध्ये जाहीरपणे सांगितले होते की अशा कोड्यांवरून पुढच्या कामाचा काहीच अंदाज येत नाही. याउलट सर्वांना सारखे प्रश्न आणि ठरलेल्या निकषांवर गुण देणारी मुलाखत अधिक विश्वासार्ह ठरते. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये निवड पद्धतींवरील जुन्या संशोधनाची फेरतपासणी केली तेव्हा अशी मुलाखत अग्रस्थानी आली.

पण केस इंटरव्ह्यू आपोआप तसा होत नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ लॉरेन रिव्हेरा यांनी तिथल्या बड्या सल्लागार संस्था, गुंतवणूक बँका आणि विधि कंपन्यांतील भरतीचा अभ्यास करून २०१५ मध्ये ‘पेडिग्री’ हे पुस्तक लिहिले. निवड करणारे आपल्यासारख्याच संस्थांतून आलेल्या, आपल्यासारखेच छंद असलेल्या उमेदवारांकडे झुकतात, हा त्यांचा निष्कर्ष होता. केसचे गुण ठरवतानाही ‘चमक’, ‘आत्मविश्वास’ असे मोघम शब्द आले की हाच झुकाव मागच्या दाराने शिरतो. आपल्याकडे त्यात इंग्रजीच्या उच्चारांची भर पडते.

दुसरा मुद्दा सरावाचा. मोठ्या संस्थांत कन्सल्टिंग क्लब असतात, सीनियर कनिष्ठांच्या केस घेतात, जुन्या केसची पुस्तके एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडे जातात. जी गोष्ट सरावाने इतकी सुधारते, तिला उपजत बुद्धीची परीक्षा म्हणणे हा सराव न मिळालेल्यांवर अन्याय आहे. त्या विद्यार्थिनीला नकार मिळतो तेव्हा तिला वाटते आपल्यात काही तरी कमी आहे. प्रत्यक्षात तिला खेळाचे नियम सांगितलेले नसतात.

कंपन्यांनी आणि कॉलेजांनी काय करावे?

कंपन्यांसाठी तीन गोष्टी अवघड नाहीत. केसची फेरी असेल तर ते किमान दोन आठवडे आधी सांगावे आणि सोबत एक सोडवलेला नमुना द्यावा. गुण लेखी निकषांवर द्यावेत आणि भाषेचे गुण विचाराच्या गुणांत मिसळू नयेत; पदासाठी इंग्रजी आवश्यक असेल तर ते वेगळे तपासावे. आणि केसचे विषय फक्त कॉफीच्या साखळ्या आणि विमान कंपन्यांचे नसावेत. दूध संघ, आगार, कृषी केंद्र, पतसंस्था यांतही तितकेच कसदार प्रश्न आहेत. भारतात धंदा करणाऱ्या कंपनीला असे प्रश्न सोडवणारी माणसे लागतातच.

कॉलेजांच्या प्लेसमेंट विभागांची जबाबदारी त्याहून मोठी. ॲप्टिट्यूडच्या क्लासवर खर्च होतो, मग आठवड्यातून एक दुपार केसला देता येईल. त्यासाठी बाहेरचा तज्ज्ञ लागतोच असे नाही. गावातला दुकानदार, दूध डेअरीचा व्यवस्थापक, आगारातला अधिकारी यांना बोलावून त्यांची खरी अडचण ऐकली आणि विद्यार्थ्यांनी ती सोडवली, तर त्यासारखी केस कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही. नोकरी लागलेल्या माजी विद्यार्थ्यांनी महिन्यातून एक तास ऑनलाइन दिला तरी कनिष्ठांची वाट सोपी होईल.

उमेदवाराच्या हातात काय आहे? कंपन्या आणि कॉलेजे बदलेपर्यंत थांबण्याची चैन त्याला नाही. पण कोरा कागद पुढे आला की घाबरण्याचेही कारण नाही. घरखर्च भागवताना, शेतातल्या मालाला भाव कुठे मिळेल याची चर्चा ऐकताना, दुकानाच्या गल्ल्यावर बसताना उत्पन्न, खर्च आणि जोखीम यांचा हिशेब त्याने अनेकदा पाहिलेला असतो. तोच हिशेब आता मोठ्याने, क्रमाने आणि आकड्यांसह मांडायचा आहे. सरावाचा पहिला प्रश्न आज घरी जाताना बसमध्येच मिळेल : या गाडीत किती प्रवासी आहेत, डिझेल किती लागले, आणि फेरी फायद्यात गेली का?